ढिगाऱ्यांतून उभी राहिलेली प्रार्थनामंदिरे

दिनांक २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री जर्मनीतील फोर्झहाइम हे शहर सुमारे २० मिनिटांच्या बाँबवर्षावात बेचिराख झाले. १७,००० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्याच शहरात १९४८ साली एक चर्च उभे राहिले. त्याच्या भिंतींचे दगड पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यांतून वेचलेले होते. त्याचे वास्तुविशारद होते ऑटो बार्टनिंग.

बार्टनिंग यांचा जन्म १८८३ साली कार्ल्सरूहे येथे झाला. त्यांचे पहिले चर्च ऑस्ट्रियातील पेगाऊ येथे १९०६ साली पुरे झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. भाविक हा दुरून पाहणारा प्रेक्षक नव्हे, सर्वांनी मंडळ करून बसावे, हा विचार त्यांनी एसेन येथील वर्तुळाकार चर्चमध्ये १९३० साली साकार केला. त्यापूर्वी, १९२८ साली, कोलोनच्या प्रदर्शनात त्यांनी पोलाद व काच यांचे चर्च उभारले होते. सुटे भाग जोडून उभारलेली ती वास्तू पुढे एसेनला हलविण्यात आली आणि युद्धात नष्ट झाली.

युद्ध संपले तेव्हा पोलाद दुर्मिळ होते आणि लक्षावधी लोक बेघर होते. माणसांना छप्पर नसता चर्च कशाला, हा प्रश्न साहजिकच होता. बार्टनिंग यांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. छताचा भार पेलणारे लाकडी सांगाडे कारखान्यात तयार होत व गावोगाव पाठविले जात. पाया व भिंती मात्र स्थानिक लोकांनी आपल्या श्रमाने, भोवतालच्या ढिगाऱ्यांतील दगडविटांनी रचावयाच्या. आराखडे मोजकेच, परंतु प्रत्येक भिंत त्या त्या गावाची. खर्चाला परदेशांतील ख्रिस्ती बांधवांनी हातभार लावला. त्यांत कालपर्यंत शत्रू असलेल्या अमेरिकेतील लोकही होते. अशी ४० हून अधिक चर्चे जर्मनीच्या पूर्व व पश्चिम अशा दोन्ही भागांत उभी राहिली.

जर्मन भाषेत त्यांना ‘नोटकिर्शे’ म्हणतात. ‘नोट’ म्हणजे नड, संकट. परंतु नडीपोटी बांधलेली वास्तू तात्पुरतीच असावी, हे बार्टनिंग यांना मान्य नव्हते. ते १९५९ साली डार्मश्टाट येथे निवर्तले. त्या चर्चांपैकी अनेकांत आजही प्रार्थना चालते. ज्यांनी आपल्या पडक्या घरांचे दगड तेथे वाहून नेले, त्यांना काही काळ स्वतःच्या घरापूर्वी एकत्र बसावयास जागा मिळाली. आणि उद्ध्वस्त गावाला पुन्हा गावपण येण्यास तिचाही आधार झाला.