बेकारीचा आकडा आणि आपले उंबरठे



केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने १५ मे २०२५ रोजी बेकारीचे मासिक पत्रक प्रथमच काढले. काम करणाऱ्या व काम शोधणाऱ्या माणसांपैकी एप्रिलमध्ये शेकडा ५.१ बेकार होते. मे महिन्यात हा आकडा ५.६ झाला. सरकार पक्षास आकडा शास्त्रशुद्ध वाटतो, विरोधकांस ती धूळफेक वाटते. पारावर बसणाऱ्यास मात्र आकडा दिसत नाही, आळीतील रिकामी मुले दिसतात.

अविश्वासास कारणही घडले आहे. २०१७-१८ च्या पाहणीत बेकारी शेकडा ६.१ निघाली. तो अहवाल अडून राहिला, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल बाहेर पडला तो लोकसभेची निवडणूक आटोपल्यावर, ३१ मे रोजी. अमेरिकेत तर १ ऑगस्ट २०२५ रोजी रोजगाराचे आकडे प्रतिकूल आले आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी ते खाते सांभाळणाऱ्या बाईंना बडतर्फ केले.

तथापि, आकडा खोटाच असतो असे आम्ही म्हणणार नाही. गणक विचारतो, गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केले काय? केले असेल तर तो माणूस कामावर. बापाच्या शेतात बिनपगारी राबला, तरी कामावर. जो काम करीत नाही आणि शोधतही नाही, केवळ परीक्षेचा अभ्यास करतो, तो बेकारांत धरलाच जात नाही. आपल्या तासगाव तालुक्यात विसापूर येथे वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला, तेथे हिशेब सोपा होता. मागेल त्यास काम. हजेरीपटावर आली तेवढी माणसे गरजू. आजचा पदवीधर त्या पटावर नाव घालावयास जाणार नाही.

आता घरचे सांगतो. मंडळाच्या वधू-वर परिचयपुस्तिकेचे अर्ज आम्हीच लिहून घेतो. गेल्या वर्षी सांगलीकडील एका गृहस्थांनी मुलाच्या नावापुढे 'शेती व व्यवसाय' असे सांगितले. शेती किती, असे आम्ही पुसले. तीस गुंठे, तीही चुलत्याबरोबर सामाईक. व्यवसाय कोणता, यावर ते गप्प राहिले. मुलगा पदवी घेऊन चार वर्षे घरीच होता. "मास्तर, खरे लिहिले तर मुलगी कोण देईल?" असे ते म्हणाले, आणि आम्ही ते तसेच लिहून घेतले. पन्नास वर्षांपूर्वी मुलांच्या वहीत अशा उत्तरावर आमच्या गुरुजींनी लाल रेघ ओढली असती. उद्या सरकारी गणक त्याच दारी आला, तर त्यालाही हेच उत्तर मिळणार. मग ५.१ वर आपण कोणत्या तोंडाने हसावे?

कार्यकारिणीस आमची सूचना अशी आहे. यंदा सातारा व सांगली या दोन्ही शाखांतील घरोघर एक निराळे पत्रक द्यावे. त्यावर नाव नको. मुलाचे अथवा मुलीचे शिक्षण, गेल्या महिन्यात कामाचे दिवस, हाती आलेले पैसे, एवढेच रकाने असावेत. साताऱ्यातील घरे आम्ही पायी फिरून पुरी करू. सांगलीस मात्र दुसरे कोणी उभे राहावे. आमचे गुडघे आता तेथवर पोचत नाहीत.