तेंदूचा करार आणि थकलेली रक्कम

उन्हाळा तापला की कुरखेडा तालुक्यात तेंदू हंगामाची लगबग सुरू होते. 70 पानांचं एक पुडकं, 1000 पुडक्यांची एक प्रमाण गोणी, असा हा हिशेब.

1996 चा पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा, यांच्या बळावर ग्रामसभा स्वतः लिलाव करून ठेकेदाराशी करार करू शकते. पण दर कितीही चढा मिळो, रक्कम थकली तर मजुरी कुठून देणार? म्हणून करारातच अनामत रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि उशिराचं व्याज स्पष्ट लिहून घ्या. बोदभराईच्या, म्हणजे पुडकी गोण्यांत भरण्याच्या, वेळी गोण्यांची मोजणी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी नोंदवा. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते. तेव्हा ठरलेला हप्ता बँकेत जमा झाल्याशिवाय परवाना देणार नाही, अशी अटही घाला.

तरीही बाकी राहिलीच, तर लेखी नोटीस द्या. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणपणे 3 वर्षं असते. फोनवरच्या आश्वासनानं ती वाढत नाही. मुदतीच्या आत ठेकेदारानं सही करून बाकी कबूल केली, तर मात्र ही मुदत नव्यानं मोजली जाते. तालुका विधी सेवा समितीकडेही सल्ला मागता येतो.