लेखकाची रोजची हजेरी

(कुर्डुवाडी येथें तरुण लेखकांपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



सभेपूर्वीं आपल्यांतील एका तरुणानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, नोकरी सोडून नुसतें लिहावें म्हणतों. पोट भरेल काय?" आम्ही पडलों शाळामास्तर, म्हणून आमचें न सांगतां, ज्यांनीं लेखणीला जन्म वाहिला त्यांचें सांगतों.

मुकुंदराव पाटलांनीं 1910 सालीं 'दीनमित्र' साप्ताहिक काढलें आणि नेवासें तालुक्यांतील तरवडीसारख्या खेड्यांतून तें 1967 पर्यंत, म्हणजे डोळे मिटेपर्यंत, चालविलें. कुर्डुवाडीकरांस वेळापत्रकाचें महत्त्व सांगणें नको. 1897 पासून येथून बार्शीची अरुंद गाडी धांवूं लागली. ड्रायव्हरचें मन लागो न लागो, वेळ झाली कीं गाडी हलविणें त्याला भागच असे. साप्ताहिकाचें तसेंच. स्फूर्ति आली नाहीं, ही सबब वाचकापुढें चालत नाहीं.

दुसरा नियम कानाचा. ज्या शेतकऱ्यांसाठीं हें लिखाण होतें, त्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. दुसऱ्यानें वाचून दाखवावें तेव्हांच तें त्यांस कळणार. म्हणून लिहिलेलें मोठ्यानें वाचा. जेथें ऐकणारा अडेल तेथें दोष त्याचा नव्हे, आपला.

आतां मोबदला. जोतीराव फुल्यांचा उजवा हात 1888 सालीं पक्षाघातानें गेला. त्यांनीं डाव्या हातानें 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरें केलें. तें छापून निघालें 1891 सालीं; जोतीराव आदल्या वर्षींच गेले होते. त्यांस काय मिळालें? मुकुंदरावांनीं 1913 सालीं 'कुलकर्णी लीलामृत' लिहून गांवोगांवच्या कुलकर्ण्यांची लबाडी वेशीवर टांगली. 1918 सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत कुलकर्णी वतनें बंद केलीं आणि 1950 च्या कायद्यानें तीं मुंबई राज्यांतूनही गेलीं. एका पुस्तकानें कायदा होत नाहीं, हें खरें; पण जुलमाला जुलूम म्हणायला लोकांस आधीं शब्द लागतात. ते शब्द देणें हें लेखकाचें काम, आणि ते लोकांच्या तोंडीं ऐकूं येणें हाच त्याचा पगार.

मात्र या पगारावर वाणी उधार देत नाहीं! तेव्हां त्या तरुणास आमचें स्पष्ट सांगणें: घरीं दुसरा आधार नसेल तर नोकरी सोडूं नका. पोरांची उपासमार करून समाजाची सेवा होत नाहीं. आधीं रोज पहाटेचा एक तास वर्षभर लेखणीस द्या. पेरणीच्या दिवसांत, लग्नसराईंत, घरीं आजारपण असतांही तो तास टिकला, तर पुढें आठ तास मागण्याचा तुम्हांस अधिकार आहे. एक तास पाळतां आला नाहीं, तर मोकळे आठ तास गप्पांतच जातील.

असो. शाळेंत आम्ही रोज हजेरी घेतों. उद्यां पहाटे तुमची तुम्हींच घ्यावी, एवढें मागून आम्ही खालीं बसतों.