मागून आणलेली मोटार आणि दोन पॉलिस्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की संस्कार, आरोग्य किंवा पाककला असा काही विषय आपण धरून चालतो. चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही इतकी वर्षे विमा कचेरीत काढलीत, त्यातलेच चार शब्द सांगा." विषय रुक्ष आहे खरा. पण गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकीच चार-पाच जणींनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "गाडी भावाच्या नावावर आहे, तो पुण्याला असतो, वापरतो आम्ही. मग विमा कोणी उतरवायचा? आणि त्यानेही उतरवला, आम्हीही उतरवला, तर पैसे दोन्हीकडून मिळतात का?" या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे घरात किती नुकसान होते ते मी कचेरीत पाहिले आहे. म्हणून आज तेवढेच बोलते.

पहिली गोष्ट. आपल्या देशात मोटारीचा विमा गाडीबरोबर चालतो, चालवणाऱ्याबरोबर नाही. आर. सी. बुकावर ज्याचे नाव, तो मालक. पॉलिसीही त्याच्याच नावाने निघते. मात्र मालकाच्या संमतीने दुसरे कोणी गाडी चालवत असेल आणि त्याच्याजवळ चालू लायसन्स असेल, तर ती पॉलिसी त्यालाही लागू पडते. तेव्हा भावाची गाडी घेऊन तुम्ही रामटेकला गेलात, तर वेगळी पॉलिसी काढण्याचे कारण नाही. निघण्यापूर्वी दोनच कागद पाहावेत. पॉलिसीची मुदत संपलेली नाही ना, आणि चालवणाऱ्याचे लायसन्स चालू आहे ना.

परदेशातली रीत वेगळी आहे. ज्यांची मुले इंग्लंडात आहेत त्यांना ठाऊक असेल, तिकडे पॉलिसीत चालवणाऱ्याचे नाव असावे लागते. मित्राची गाडी दोन दिवस आणायची तर तेवढ्यापुरता स्वतंत्र विमा घेतात. अमेरिकेत बहुधा आधी गाडीच्या मालकाचा विमा पैसे देतो, आणि तो पुरला नाही तर चालवणाऱ्याचा. मुलाने तिकडून फोनवर सांगितलेला नियम नागपुरात लागू होत नाही, हे त्यासाठी ध्यानात ठेवावे.

आता दोन पॉलिस्यांकडे वळू. दोन कागद असणे मुळात चूक नाही. रस्त्यावरच्या त्रयस्थ माणसासाठीचा विमा, ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो, तो 1939 च्या मोटार कायद्याप्रमाणे 1946 पासून सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र वर्षावर्षाने घेता येतो, आणि सप्टेंबर 2019 पासून तो दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतो. म्हणजे एका गाडीला दोन कंपन्यांचे दोन कागद असू शकतात. दोघांचे काम निराळे, म्हणून तेथे काही अडचण नाही.

अडचण येते ती एकाच नुकसानीसाठी दोन पॉलिस्या निघतात तेव्हा. भाऊ पुण्याहून मोबाइलवर नूतनीकरण करतो. इकडे बहिणीला वाटते, मुदत संपत आली, आपण गाडी वापरतो तर आपणच भरावे. ती एजंटाला बोलावून भावाच्या नावाने दुसरी पॉलिसी काढते. दोघांचाही हेतू चांगला, पण हप्ता दुप्पट जातो.

नुकसानभरपाईच्या विम्याचा नियम असा की जेवढी झीज तेवढीच भर. पॉलिसीत छापील अटच असते: त्याच जोखमीचा दुसरा विमा असेल तर कंपनी आपल्या वाट्यापुरतेच पैसे देईल. हिशेब करून पाहू. समजा लहान मोटार आहे आणि दुरुस्तीचे बिल 60,000 रुपये झाले. रबर, प्लास्टिक वगैरे भागांची घसारा-वजावट होऊन मान्य रक्कम 48,000 राहिली. एकच पॉलिसी असती तर त्यातून सक्तीची 1,000 रुपयांची वजावट होऊन 47,000 हाती आले असते. सारख्याच रकमेच्या दोन पॉलिस्या असल्या तर प्रत्येकीचा वाटा 24,000, प्रत्येकीची वजावट 1,000, म्हणून हाती 46,000. म्हणजे दुसरा हप्ता गेला तो गेलाच, वर हजार रुपये कमी मिळाले, आणि फॉर्म व खेटे दुप्पट झाले. शिवाय दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट दोन्हीकडची गेली. ही सूट पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असते आणि पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत चढते. ती काही थोडी रक्कम नव्हे.

आणि दुसरी पॉलिसी लपवून दोन्हीकडून पूर्ण पैसे मागणे, हा तर अप्रामाणिकपणा झाला. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो. फॉर्मवर विचारलेले लपवले की खरा दावाही नाकारला जाऊ शकतो. अपघातापूर्वी दुहेरी विमा लक्षात आला तर दोन्ही कागद घेऊन कंपनीकडे जावे. सहसा मागाहून सुरू झालेली पॉलिसी रद्द करता येते.

येथे एक फरक सांगते. माणसाच्या जिवाला असा मापाचा नियम नाही. आयुर्विमा आणि वैयक्तिक अपघात विमा एकाहून अधिक असले तरी प्रत्येक पॉलिसी आपली ठरलेली रक्कम देते. आणि आपण बायका नेमक्या येथेच कमी पडतो. गाडीला दोन पॉलिस्या असतात, पण ती चालवणारीला एकही नसते.

मोटारीच्या पॉलिसीबरोबर मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा असतो. तो नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी आहे. भावाच्या गाडीवर बहीण असेल तर तिला तो मिळेल असे धरून चालू नये. सर्वोच्च न्यायालयापुढे 2009 साली एक प्रकरण आले होते. इरकली लुगड्यांचे गाव आपल्याला ठाऊक आहे, त्या इलकलहून एक गृहस्थ मागून आणलेल्या मोटारसायकलीवरून आपल्या गावी निघाले होते. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी एकाएकी थांबली, तिच्यावर ते आदळले आणि दगावले. न्यायालयाने म्हटले, गाडी मागून आणणारा मालकाच्याच जागी उभा असतो. मालक स्वतःविरुद्ध भरपाई मागू शकत नाही, तशी त्याच्या वारसांनाही त्या वेळच्या त्या कलमाखाली ती मागता येणार नाही. 2020 साली अशाच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने तेच तत्त्व कायम ठेवले आणि पॉलिसीतील अपघात-विम्याचे एक लाख रुपये तेवढे देवविले. नंतर कायद्याची कलमे बदलली, पण घरच्या माणसाने त्यातून घ्यायचा बोध बदललेला नाही. जी दुसऱ्याची गाडी चालवते तिने स्वतःच्या नावाचा अपघात विमा अवश्य घ्यावा. बँकेतल्या बचत खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला 20 रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूस दोन लाख मिळतात. वय 18 ते 70 असावे. एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकीला जमण्यासारखे आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभी राहिले ती सांगते. घरधन्याच्या नावावर गाडी असते आणि तो जातो. दुःखात कागद कोण पाहणार? मुलगा गाडी वापरू लागतो, हप्ता जुन्याच नावाने भरला जातो, किंवा तो आपल्या नावाने वेगळी पॉलिसी काढतो. कागद दोन झाले, पण एकही धड नाही. कारण एकात विमेदार हयात नाही, आणि दुसऱ्यात विमेदार मालक नाही. कुंकू पुसले गेलेल्या बाईला काउंटरवर उभे राहून हे ऐकावे लागते, ते मी पाहिले आहे. नियम कठोर नाही, पण मुदतीचा आहे. मृत्यूनंतर 30 दिवसांत आर. टी. ओ. कचेरीला कळवावे, म्हणजे वारसाला तीन महिने गाडी वापरता येते. तेवढ्या अवधीत आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज द्यावा. पॉलिसीही मृत्यूनंतर तीन महिने, किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चालते. 2021 पासून आर. सी. बुकावर वारसाचे नाव आधीच नोंदवता येते. हे बोलणे अशुभ मानू नका. दिवाळीच्या आवराआवरीत एकदा यजमानांजवळ हा विषय काढावा.

भावाकडून गाडी विकत घेतली, पण नावावर केली नाही, अशीही घरे आहेत. न्यायालय 2018 च्या निकालाप्रमाणे ज्याचे नाव नोंदीत त्यालाच मालक धरते. म्हणजे अपघात आपल्या हातून झाला तरी नोटीस भावाला जाईल, आणि गाडीचे नुकसान मागताना आपल्याला अडचण येईल. बहीण-भावाच्या नात्यात एवढ्यावरून कडूपणा येऊ देऊ नये. विमा कंपनीलाही 14 दिवसांत कळवायचे असते.

शेवटी आयांना एक शब्द. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती "कोपऱ्यापर्यंतच जातो" म्हणून किल्ली देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालक वा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. शेजाऱ्याची गाडी असेल तर हे संकट शेजाऱ्यावर येते.

तात्पर्य काय, तर गाडीच्या एका जोखमीला एकच पॉलिसी पुरे, ती मालकाच्या नावाने असावी, आणि गाडी चालवणारीचा अपघात विमा तिच्या स्वतःच्या नावाने असावा. आज घरी गेल्यावर कपाटातली फाइल काढून आर. सी. आणि पॉलिसीवरची नावे जुळतात की नाही एवढे पाहा. शंका आली तर मी मंडळाच्या वाचनालयात शनिवारी दुपारी असते. कागद घेऊन खुशाल या.