सरोवरकाठची पायपीट

स्वित्झर्लंडात जिनेव्हा सरोवराच्या काठाने लोझानहून माँत्र्योपर्यंत पायीच जायचे, असा हट्ट आम्ही साठीत धरला व एका स्नेह्यांनाही ओढले. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहितात. तीही सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर चालणाऱ्या कुणा काल्पनिक मनुष्याची! ल्युत्री, क्युली, सँ-साफोरँ, प्रत्येक गावी तो मनुष्य आमच्या आधी पोचलेला. द्राक्षमळ्यांच्या पायऱ्यांवर स्नेह्यांचा गुडघा बोलू लागला. आम्ही दोघे मात्र बोलेनासे झालो. खाली आगबोट शिटी देई. १९५३पासून अखेरपर्यंत चॅप्लिन जिथे राहिला, त्या व्हव्हेच्या काठावर त्याचा पुतळा आहे. छडी त्याच्या हाती, गरज आमच्या स्नेह्यांना! ते एवढेच म्हणाले, "हट्ट तुझा, गुडघा माझा." आम्ही निमूटपणे बोटीची दोन तिकिटे काढली.