अधू कोंबडीचं काय करायचं?



श्रीरामपूर तालुक्यात वस्तीवर राहणाऱ्या घरांत गोठ्याशेजारी एखादं खुराडं हमखास दिसतं. उसाचा आणि दुधाचा पैसा बहुधा कारभाऱ्याच्या हाती जातो. अंड्यांचा पैसा मात्र घरच्या बाईच्या हाती राहतो. मुलांची वही-पेन्सिल, एसटीचं भाडं, तापाची गोळी त्यातून निघते. म्हणून दहा कोंबड्यांतली एक लंगडायला लागली तर ते नुकसान लहान नसतं.

अशा वेळी सल्ले दोनच मिळतात. कुणी म्हणतं, कापून टाका. कुणी म्हणतं, आठवडे बाजारात विकून मोकळ्या व्हा. पण पाय ओढणारी प्रत्येक कोंबडी मरणार नसते, आणि प्रत्येक अधू कोंबडी जवळ ठेवण्याजोगीही नसते. कोणती सांभाळायची आणि कोणती नाही, हे कसं ओळखायचं ते आज पाहू.

पहिलं काम, तिला वेगळं करा. नॉर्वेचे अभ्यासक श्येल्देरुप-एब्बे यांनी १९२१ साली दाखवून दिलं, की कोंबड्यांच्या कळपात चोच मारण्याची उतरंड ठरलेली असते. वरची खालचीला टोचते. अधू कोंबडी थेट तळाला जाते. तिला दाण्यापर्यंत पोचू देत नाहीत, आणि रक्त दिसलं की सगळ्या मिळून तिथंच टोचतात. पुष्कळदा कोंबडी लंगडेपणानं मरत नाही, उपासमारीनं आणि या टोचण्यानं मरते. शिवाय आजार लागट असेल, तर वेगळं ठेवल्यानं बाकीच्या वाचण्याची शक्यता वाढते.

आता ओळखायचं कसं? वय पाहा आणि ठेवण पाहा.

पिल्लू दोन-चार दिवसांचं आहे आणि त्याचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात, तर खाली काय अंथरलंय ते बघा. वर्तमानपत्र, प्लास्टिक किंवा गुळगुळीत फरशी असेल तर पाय घसरून असं होतं. खाली भाताचं तूस किंवा खरबरीत कापड घाला. पिल्लू नीट उभं राहिल्यावर पायांत जेवढं अंतर असतं, तेवढं ठेवून मऊ चिकटपट्टीनं दोन्ही पाय एकमेकांना सैलसर बांधा. पट्टी रोज तपासा. पहिल्या दिवसांतच हे केलं तर बरीच पिल्लं चार-पाच दिवसांत चालू लागतात. उशीर झाला तर हाड तसंच घट्ट होतं.

पिल्लाची बोटं आत वळलीत आणि ते घोट्यावर टेकून चालतंय, तर बहुधा ब-दोन जीवनसत्त्वाची उणीव आहे. नुसत्या कण्यांवर वाढलेल्या पिल्लांत ही दिसते. डॉक्टरांना विचारून पाण्यातून ब-जीवनसत्त्वाचं औषध द्या. आपल्याकडे गाईंना घालतो तो घास बारीक चिरून दाण्यात मिसळा. त्यात हे जीवनसत्त्व भरपूर असतं.

पण तलंग दोन-तीन महिन्यांची आहे आणि एक पाय पुढं, एक मागं ताणून पडली आहे, तर सावध व्हा. हा मरेक्स रोग असू शकतो. त्यावर औषध नाही. पिसांच्या कोंड्यातून तो पसरतो, आणि जगलेली कोंबडीही पुढं विषाणू सोडत राहते. त्याची लस पिल्लू जन्मतं त्याच दिवशी द्यायची असते. म्हणून पिल्लं विकत घेताना ही लस दिली आहे का, ते विचारूनच घ्या.

मान पिळवटली आणि त्याचबरोबर हिरवी हगवण, धाप, कळपात मरतूक दिसली, तर मानमोडी, म्हणजे राणीखेत समजा. इथं घरगुती शुश्रूषा करत बसू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवा. २००९ च्या केंद्रीय कायद्यानं असे रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे. अशी कोंबडी बाजारात नेणं म्हणजे शेजारणीच्या खुराड्यात रोग पाठवणं. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा परिसरातल्या निरोगी कोंबड्याही मारून टाकाव्या लागल्या होत्या. राणीखेतला उपाय एकच, लस. पहिल्या आठवड्यात लासोटाचे थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीची टोचणी.

आता उरल्या त्या रोगमुक्त, पण कायमच्या अधू कोंबड्या. त्यांना फार काही लागत नाही. आंधळ्या कोंबडीचं दाणा-पाण्याचं भांडं रोज एकाच जागी ठेवा आणि दाणा टाकताना भांड्यावर टकटक करा. आवाजावरून ती येते. चोच वाकडी असेल तर दाणा टिपता येत नाही. तिला खोल भांड्यात ओलसर भरडा द्या, आणि तिची अंडी उबवणीला ठेवू नका. लंगडीसाठी पाणी पसरट भांड्यात, चोचीच्या उंचीला ठेवा. उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं, कारण कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. बसायची काठी जमिनीपासून वीतभरच ठेवा. कालव्याच्या पट्ट्यातल्या काळ्या चिखलात तळपाय फुगून काळी खपली धरते. म्हणून अंथरूण कोरडं हवं. कोंबडीला हात लावल्यावर साबणानं हात धुवा. औषध चालू असताना तिची अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही डॉक्टरांना विचारा.

लंगडी म्हणून कोंबडी अंडी देत नाही, असं नाही. पोटभर दाणा मिळाला तर ती इतरांसारखीच अंड्यावर येऊ शकते. मात्र जी खात नाही, उठत नाही, नुसती कण्हते, तिला दिवस-दिवस लोळत ठेवणं ही माया नव्हे. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिला लवकर सोडवावं.

शेवटी एक सांगते. घरात एक डालं कायम रिकामं ठेवा, कळपापासून दूर, सावलीत. पाय ओढणारी कोंबडी दिसली की आधी तिला त्याखाली ठेवायचं, पाणी द्यायचं, आणि मगच कुणाचा सल्ला ऐकायचा.