पदवीनंतरचे पहिले काम





बेंगळुरूच्या चिकपेटेतल्या या सभागृहात बसलेल्या अनेक घरांना दोन पत्ते आहेत. एक इथला, नगरथपेट आणि ॲव्हेन्यू रोडच्या गल्ल्यांमधला. दुसरा खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटावकडचा. त्या दुष्काळी पट्ट्यात शेतीवर घर चालेना, तेव्हा माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगली आणि इथल्या पेठांतही स्थिरावली. आधी कुणाच्या तरी दुकानात राबायचे, हात बसला की स्वतःचे दुकान टाकायचे आणि मग गावाकडचा भाचा-पुतण्या बोलावून घ्यायचा, ही या धंद्याची रीत. तिने कितीतरी घरे तारली. पण याच रीतीने कितीतरी हुशार मुलांची पुस्तके दहावीलाच मिटली, हेही आज मोकळेपणाने म्हटले पाहिजे. म्हणूनच आजची पदवी ही एकट्या विद्यार्थ्याची नाही. ती घराची आहे.

तुमच्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. कोणती साइड घ्यायची, हे सांगणारे तुमच्या घरात कुणी नव्हते. मित्राने कॉमर्स घेतले म्हणून आपणही घेतले, शेजारचा इंजिनिअर झाला म्हणून आपणही फॉर्म भरला, असे झाले असेल. तुमच्या धाकट्या भावंडांच्या बाबतीत ते होऊ नये, एवढ्यासाठी मी आज बोलतो आहे.

विषय निवडताना त्याच्या नावाकडे पाहू नका; त्यातले काम पाहा. ते पाहायला लांब जायला नको. जुन्या दागिन्यांतले सोने शुद्ध करताना आपले वडील त्यात चांदी मिसळतात आणि सोन्याचा वाटा सुमारे पाव हिश्शावर आणतात. सोने त्याहून फार जास्त राहिले, तर नायट्रिक ॲसिड आतपर्यंत पोचत नाही. प्रमाण जमले की चांदी-तांबे विरघळते आणि सोने तळाशी उरते. मग त्या द्रावणात तांबे सोडले की चांदी परत मिळते. शाळेत धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी पाठ केली, ती हीच. ज्या मुलाला असे का होते हा प्रश्न पडतो, त्याने रसायनशास्त्राकडे किंवा धातुशास्त्राकडे जावे. ज्याला ॲसिडातून उठणाऱ्या तांबूस धुराची आणि वडिलांच्या छातीची काळजी वाटते, त्याच्यासाठी पर्यावरण अभियांत्रिकी आहे. जिचे मन हिशेबात रमते, तिच्यासाठी वाणिज्य आणि कायदा आहे. यातले काहीच मनाला भिडले नाही, तर भाषा, शिक्षण, परिचर्या, कला यांची दारे उघडी आहेत. दुकान चालवायचेच असे बंधन नाही आणि दुकानाची लाज वाटावी असेही त्यात काही नाही.

धंदाही बदलला आहे. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. मग प्रत्येक नगावर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक आला. सोन्याचा कस आता तपासणी केंद्रात यंत्रावर आणि भट्टीत ठरतो, आणि त्या केंद्रांना प्रशिक्षित माणसे लागतात. हातातली कला आणि पदवीतले शास्त्र एकाच माणसात असेल, तर त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही.

पहिली निवड चुकली तर काय, ही भीती अनेकांना असते. इथून जवळच असलेल्या सेंट्रल कॉलेजातून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८१ मध्ये बी.ए. झाले, तेही शिकवण्या करून. तिथेच ते थांबले नाहीत. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला अभियांत्रिकी शिकायला गेले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसलेले स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. पुढे म्हैसूरचे दिवाण असताना त्यांनी १९१७ मध्ये याच शहरात अभियांत्रिकी महाविद्यालय उभे केले. आपली माणसे पोटासाठी तिकडून इकडे आली. ते विद्येसाठी इकडून तिकडे गेले आणि मिळवलेली विद्या घेऊन परतले. पहिल्या पदवीने त्यांची वाट अडवली नाही. ती तुमचीही अडवणार नाही.

मात्र वाट बदलायची तर तयारी हवी. अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रम वाचा. ते काम रोज करणाऱ्या दोघांना तरी भेटा आणि त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. सुट्टीत उमेदवारी करा. फी, वसतिगृह आणि कर्जाचा हप्ता यांचा हिशेब घरच्यांसोबत कागदावर मांडा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत चुकवू नका. आणि कन्नड नीट लिहा-वाचायला शिका. घरात मराठी, गल्लीत कन्नड, गिऱ्हाइकाशी हिंदी किंवा तमिळ, ही तुमची कमाई आहे. मुलाखतीत ती संकोच न करता सांगा.

पालकांनाही हात जोडून एक विनंती. मुलाला दुकानात घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण पदवीनंतर. आणि लग्नाची घाई करून मुलीचे शिक्षण तोडू नका. जी संधी मुलाला, तीच तिला.

पदवीधरांनो, नोकरी शोधण्याआधी एक काम करा. तुमच्या घरात, गल्लीत किंवा गावाकडे दहावी-बारावीत असलेले एक मूल निवडा. त्याला काय आवडते ते नीट ऐकून घ्या, त्याच्याबरोबर बसून अर्ज भरा आणि त्याला पदवी मिळेपर्यंत त्याची साथ सोडू नका. तुम्हाला वाट दाखवणारे कुणी नव्हते. त्याच्यासाठी तुम्ही आहात.